वेंडेल निएमी आणि सतरा टॉर्च

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि गेली नऊ वर्षं आपल्या गृहनिरीक्षक संघटनेची धुरा सांभाळणारे माननीय गॉर्डन पेल्टो. चर्चचं हे तळघर आपल्याला मोठ्या मनाने उपलब्ध करून देणाऱ्या पास्टरबाई. आजचे सत्कारमूर्ती वेंडेल निएमी. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि ही बाई आता काय बोलणार या काळजीने हातातला कागदी रुमाल पिळत असलेल्या लॉर्ना निएमी. माझ्या निरीक्षक बंधुभगिनींनो, घरांचे व्यवहार जुळवणाऱ्या एजंट मित्रांनो आणि डुलुथमधल्या सुजाण नागरिकांनो,

अध्यक्षांनी मला आठ मिनिटं दिली आहेत. सोबत एक चिठ्ठीही दिली आहे. तीत लिहिलंय, ‘मार्लिस, कृपया टॉर्चचा विषय काढू नकोस.’ अध्यक्षांबद्दल मला नितांत आदर आहे. पण वेंडेल निएमींच्या निरोपाला उभं राहायचं आणि टॉर्चबद्दल बोलायचं नाही, हे कसं जमावं? वीस वर्षं मी या माणसाबरोबर काम केलं. त्यातली सात वर्षं टॉर्चपायी गेली. माझं डोकं किती वेळा फिरलं याची नोंद कुणी ठेवली नाही, म्हणून बरं.

लॉर्नाच्या वाचनालयातल्या मैत्रिणी आज आल्या आहेत, त्यांच्यासाठी आमचं काम काय ते थोडक्यात सांगते. घर विकत घेणारा माणूस व्यवहार पक्का करण्याआधी आम्हाला बोलावतो. आम्ही तीन तास त्या घरात फिरतो. माळ्यावर चढतो, तळघरात उतरतो, जमीन आणि घर यांच्यामधल्या हातभर पोकळीत पोटावर सरपटतो, आणि मग कुठे काय कुजलंय, गंजलंय, तडकलंय ते लिहून देतो. या सगळ्या जागा अंधाऱ्या असतात. म्हणजे आमचा सगळा धंदा हातातल्या उजेडावर चालतो. इतकं तर मलाही मान्य आहे. माझं भांडण त्यापुढचं आहे.

मी वेंडेलकडे शिकायला आले, तेव्हा त्यांच्याकडे एकच टॉर्च होता. लांबलचक, काळा, चार जाडे सेल घालायचा. तळघरात शिरताना ते तो दाताखाली धरायचे. त्यात त्यांच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. लॉर्ना तेव्हा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती, असं ऐकते. जानेवारीत माळ्यावर गेलं की थंडीने सेल मान टाकायचे आणि मग आम्ही दोघं अंधारात, थंडी अडवायला पसरलेल्या काचलोकरीच्या थरावर बसून एकमेकांना विचारायचो, जिना कुठल्या बाजूला होता? तरीही त्या टॉर्चबद्दल वेंडेलची कधी तक्रार नव्हती. अवजार म्हणून ते हातोडी वापरतात तसाच तो वापरायचे.

मग सात वर्षांपूर्वी त्यांना वाटलं, आपण काळाबरोबर चालावं. त्यांनी नव्या पद्धतीचा एक टॉर्च मागवला. मोटारीच्या दिव्याला लाज वाटावी असा त्याचा प्रकाश. तळघरात लावला की सगळं तळघर मिठागरासारखं पांढरंशुभ्र व्हायचं. वेंडेल त्यावर खूष होते. मीही होते. खोटं कशाला बोलू?

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आमच्याकडे स्कुर्ला नावाचं जोडपं आलं. नडीन आणि डेल. दोघंही सत्तरीच्या घरातले, हिबिंगहून इथे राहायला येणारे, कारण डेलला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी रुग्णालयात जावं लागायचं आणि बर्फात एवढ्या लांबून येणं त्यांना झेपत नव्हतं. टेकडीवरचं एक जुनं घर त्यांनी पसंत केलं होतं. मी दुसऱ्या कामावर होते, म्हणून वेंडेल एकटेच गेले. त्यांनी ते तपासलं आणि अहवाल दिला. छपराच्या दोन पत्र्यांची दुरुस्ती, एक सैल कठडा, बाकी ठीक.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी नडीन कॉफी करत होती. दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं. डेलचंही दुखत होतं, पण डायलिसिसच्या माणसाचं काही ना काही दुखतच असतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तेवढ्यात जिन्यातला, विषारी वायू ओळखणारा अलार्म वाजू लागला. तो तिच्या बहिणीने गृहप्रवेशाला भेट दिलेला होता. नडीनने डेलला हाक मारली. डेल खुर्चीत बसलेला होता, त्याचे डोळे उघडे होते, पण त्याला उठता येत नव्हतं. तिने त्याला खुर्चीसकट दारापर्यंत ओढलं आणि मग अग्निशमन दलाची माणसं आली. तळघरातल्या बॉयलरचा धुराचा पाइप भिंतीकडच्या बाजूने गंजून फुटला होता. धूर वर चढण्याऐवजी घरात पसरत होता. डेल तीन दिवस रुग्णालयात होता. तो वाचला.

मंगळवारी नडीनचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात वेंडेलच्या समोर बसले होते. फोनचा आवाज मोठा होता. ती चिडलेली नव्हती. तिने विचारलं, “मिस्टर निएमी, तो पाइप तुम्ही बघितला होता का?”

वेंडेल म्हणाले, “बघितला होता.”

“मग?”

“मला दिसलं नाही.”

 ती ‘बरं’ म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिने तक्रार केली नाही, वकील केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. निदान ते प्रकरण कुठेतरी संपलं असतं.

त्या दिवशी वेंडेलनी आपल्या अहवालातला पाइपचा फोटो उघडला आणि मोठा करून पाहिला. पाइपच्या जागी फोटोत फक्त एक पांढरा लखलखाट होता. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “हा टॉर्च चालणार नाही.”

बस्स. तिथून सगळं सुरू झालं.

पुढच्या चौदा महिन्यांत वेंडेल निएमींनी सतरा टॉर्च विकत घेतले. मी मोजले आहेत, कारण गाडीत माझे पाय ठेवायच्या जागेत ते ठेवलेले असत. एकाला एकच बटण होतं आणि उजेड करायच्या नऊ तऱ्हा होत्या. एकदा एका डॉक्टर दांपत्याच्या माळ्यावर वेंडेलनी ते बटण जरा जास्त वेळ दाबलं, तर तो समुद्रात बुडणाऱ्या जहाजावरच्या दिव्यासारखा उघडझाप करू लागला. बंद होईना. डॉक्टरीणबाई खालून विचारतायत, वर काही गंभीर आहे का? एक टॉर्च इतका गुळगुळीत गोल होता की कुठेही ठेवला तरी घरंगळायचा. एकाची धातूची नळी थंडीत हाताला चिकटायची. एक डोक्याला बांधायचा होता. तो लावून वेंडेल घरमालकांशी मान वर करून बोलायचे, आणि घरमालक हाताने डोळे झाकून उत्तरं द्यायचे. दर वेळी मला त्यावर मत विचारलं जायचं. मार्लिस, हा कसा वाटतो? मार्लिस, याचा उजेड जरा निळा नाही वाटत? अहो वेंडेल, मला भूक लागलीय, दुपारचे दोन वाजलेत, आणि अजून आपल्याला स्वयंपाकघर तपासायचंय.

त्यातला कहर म्हणजे सिग्ने हॉगलंडबाईंची भिंत. सिग्नेबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, घर विकायला काढलेलं. त्यांच्या जुन्या घराच्या भिंती आतून माळ्यापासून थेट खालपर्यंत पोकळ आहेत. तो घरंगळणारा टॉर्च माळ्यावरच्या तुळईवर ठेवलेला होता. तो घरंगळला आणि सुरू असतानाच भिंतीच्या पोकळीत गेला. दोरी टाकली, चुंबक टाकलं, काही उपयोग झाला नाही. सिग्नेबाईंनी स्पष्ट सांगितलं की भिंतीला लावलेला कागद त्यांच्या नवऱ्याने लावलेला आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मी जेवायला बसले तेव्हा त्यांचा फोन. म्हणाल्या, “मार्लिस, प्लगच्या भोकांतून उजेड येतोय. मी झोपायच्या खोलीत जात नाहीये.” टॉर्चच्या खोक्यावर साठ तास चालेल असं छापलेलं होतं. कंपनी शब्दाला जागली. सिग्नेबाई तीन दिवस बहिणीकडे जाऊन राहिल्या. टॉर्च अजूनही तिथेच आहे.

टॉर्च भिंतीत गेला त्या दिवशी परतताना गाडीत मी तोंड उघडलं. चौदा महिने गिळून ठेवलेलं सगळं बोलले. म्हणजे सगळं नाही, एकच वाक्य. मी म्हटलं, “वेंडेल, चूक टॉर्चची नव्हती. तुमची होती.”

 त्यांनी माझ्या दारापाशी गाडी थांबवली आणि मी उतरले. सभ्य स्त्री-पुरुषहो, मी त्या दिवशी घरी जाऊन भांडी इतक्या जोरात घासली की एका बशीचे दोन तुकडे झाले. मला राग कशाचा होता? हा माणूस टॉर्चांच्या मागे लपतोय याचा होता. एक वृद्ध माणूस मरता मरता वाचला, आणि हे खोकी उघडून बघतायत की उजेड निळा आहे की पिवळा. ज्याच्याकडून मी सरळपणा शिकले, त्या माणसाला एक साधं वाक्य बोलता येत नाही, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून दुपारी घरी बोलावलं. लॉर्नाने मला आत बसवून रुबार्बच्या आंबटगोड वड्या दिल्या आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं. मग वेंडेल मला मागच्या गॅरेजात घेऊन गेले. खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं. कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर अंतरावर, दोन तारांनी एक धुराचा पाइप टांगलेला होता.

तो स्कुर्लांच्या घरातला पाइप होता. बॉयलरवाल्याने बदलून अंगणात फेकलेला, तो नडीनकडून मागून आणलेला. मूळ तळघरात होता त्याच उंचीवर, भिंतीपासून त्याच अंतरावर, फुटलेली बाजू तशीच भिंतीकडे करून टांगलेला. खाली जमिनीवर खडूने दोन पावलांच्या खुणा होत्या. पाहणीच्या दिवशी ते जिथे उभे होते ती जागा.

त्यांनी स्कुर्लांच्या घरी नेलेला तो प्रखर टॉर्च माझ्या हातात दिला आणि खुणांवर उभं राहायला सांगितलं. म्हणाले, बघ. मी बघितलं. मला पाइप ठाऊक होता, तो फुटलाय हे ठाऊक होतं, कुठल्या बाजूने तेही ठाऊक होतं. तरी मला चकाकणारा पत्रा आणि त्यामागे काळी सावली, एवढंच दिसलं. मी वाकून पाहिलं. डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. मी म्हटलं, काही नाही.

मग त्यांनी दुसरा दिला. हाताच्या पंजाएवढा, रबरी कवचाचा, बाजू चपट्या, एकच बटण, त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. शेपटाला लोहचुंबक. उजेड बेताचा आणि किंचित पिवळसर. तो त्यांनी मला डोळ्यांशी न धरता खाली आडवा, भिंतीला घासून धरायला लावला. आणि पाइपच्या कडेला तांबूस तपकिरी डाग उठला. डागाच्या मधोमध करंगळी जाईल एवढं भोक, आणि त्याच्याभोवती पत्र्याची चाळण झालेली. गंज गंजाच्या रंगाचा दिसत होता. निळसर पांढऱ्या उजेडात तोच मघाशी धुळीसारखा राखाडी दिसला होता.

मी काही बोलायच्या आत वेंडेल बोलले. त्यांचं ते बोलणं मी इथे जसंच्या तसं सांगणार आहे, कारण ते मला पाठ आहे. ते म्हणाले, “त्या मोठ्या टॉर्चनेही दिसतं, मार्लिस. पण डोळे निवेपर्यंत थांबावं लागतं आणि मागे हात घालून बघावं लागतं. त्या दिवशी मी थांबलो नाही. मला पुढच्या घरी जायची घाई होती. चूक माझीच आहे, हे तू मला सांगायची गरज नव्हती. पण उद्या दुसरं कुणीतरी घाईत असणार. त्याच्या हातात निदान हा असावा.”

गॅरेजात खूप थंडी होती. मी तिथल्या उलट्या बादलीवर बसले. माफी मागावी असं मनात आलं होतं, पण तेवढ्यात ते मला बाकीचे पंधरा टॉर्च एकेक करून दाखवू लागले आणि माझी माफी घशातच राहिली. प्रत्येकाचा अर्धा अर्धा तास. सांगा, अशा माणसाची माफी मागावी तरी कधी?

आणि इथे संपलं असतं तर मी आज इतकी वैतागलेली नसते. त्या वसंतात आपल्या संघटनेची वार्षिक सभा होती, याच तळघरात. वेंडेल उठले आणि त्यांनी सगळ्यांसमोर, समोर एजंट मंडळी बसलेली असताना, स्कुर्लांच्या पाइपची हकिकत सांगितली. ऑफिसचं नाव लपवलं नाही, स्वतःची घाई लपवली नाही. मग तो पाइप टेबलावर ठेवला आणि एकेकाला दोन्ही टॉर्च हातात देऊन बघायला लावलं. अध्यक्ष महाराज, प्रखर टॉर्चने तुम्हालाही भोक दिसलं नव्हतं, हे मी इथे नम्रपणे नमूद करते.

आमच्या ऑफिसच्या पाटीवर दोन नावं आहेत, निएमी आणि त्वाइट. त्वाइट म्हणजे मी. मला कुणी विचारलं होतं का? पुढच्या महिन्यात आमच्याकडे काम पाठवणाऱ्या दोन एजंटांनी काम पाठवणं बंद केलं. उन्हाळाभर आमचा फोन इतका शांत होता की तो चालू आहे ना, हे बघायला मी स्वतःच बाहेरून करून बघायचे. लॉर्नाने वाचनालयात जास्तीचे दिवस धरले. मी वेंडेलना म्हटलं, निदान मला आधी सांगायचं होतंत. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस. हे खरं होतं, त्यामुळे मला आणखीनच राग आला.

काम परत आलं. हळूहळू आलं, पण आलं. वेंडेलनी नवशिक्यांसाठी एक पान लिहिलं. आता ते आपल्या संघटनेच्या वर्गात पहिल्या दिवशी वाटलं जातं. त्यात कुठल्या कंपनीचं नाव नाही. दुकानात टॉर्च घ्यायला जाताना खिशात गंजका खिळा आणि ओल्या लाकडाचा तुकडा न्या, आणि त्यांवर उजेड पाडून बघा, असं आहे. हातमोजे घालून बटण दाबून बघा. टेबलावर ठेवा, घरंगळला तर परत द्या. सेल थंडीत आतल्या खिशात ठेवा, आणि दुसरा छोटा टॉर्च जवळ असल्याशिवाय घराखाली सरपटू नका. शेवटी लिहिलंय, टॉर्च दातात धरू नका. ही ओळ लॉर्नाने घालायला लावली.

आता शेवटचं, आणि ते सांगायची परवानगी मी लॉर्नाकडून घेतली आहे. वेंडेलकडून घेतलेली नाही. हेही मी त्यांच्याकडूनच शिकले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की वेंडेल गुडघ्यांमुळे निवृत्त होतायत. काहींना वाटतं, मासेमारीसाठी. दोन्ही खोटं आहे. या मे महिन्यात आम्ही सरोवराकाठच्या एका घरात होतो. घर घेणारी जोएल नावाची बाई, एकटी, पहिल्यांदाच घर घेत होती. वेंडेल घराखाली सरपटत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, कपड्यांवरची माती झटकली, आणि माझ्याकडे न येता सरळ तिच्यापाशी गेले. म्हणाले, “मागच्या तुळईची टोकं मला नीट दिसली नाहीत. टॉर्च चांगला आहे. माझे डोळे राहिले नाहीत. मार्लिस सगळं पुन्हा बघेल, तुम्हाला एक तास जास्त थांबावं लागेल.”

वर्षभरापासून त्यांची दृष्टी मधोमध धूसर होत चालली होती. डॉक्टरांना माहीत होतं, लॉर्नाला माहीत होतं. वीस वर्षं शेजारी बसणाऱ्या मला माहीत नव्हतं, आणि ते कळलं ते एका अनोळखी बाईबरोबर, तिच्या अंगणात उभ्याउभ्या. मी इतकी संतापले होते की टॉर्च त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि खाली गेले. मातीत पालथी पडून मी एकेक तुळई दोन्ही टोकांनी बघितली, पेचकसाने टोचून बघितली. पाऊण तास लागला. सगळं धडधाकट होतं. आधीच्या तुळयांची त्यांनी केलेली टिपणं मी ताडून पाहिली. एकही चुकलेलं नव्हतं.

मी वर येऊन त्यांना तसं सांगितलं. म्हटलं, तुमचं सगळं बरोबर होतं. अहवालावर नेहमीसारखी दोघांची सही करू.

ते म्हणाले, “नाही. बघितलंयस तू. सही तुझी.”

त्या अहवालावर माझी एकटीची सही आहे. घरी आल्यावर मी अहवाल पुन्हा काढून ती पाहिली. अक्षर फार वाईट आलं आहे.

वेंडेल, तुम्ही मला वीस वर्षांत जितका ताप दिलात तितका माझ्या सख्ख्या भावांनीही दिला नाही. सोमवारपासून गाडीत मला पाय पसरून बसता येईल. मला ते अजिबात नको आहे.

अध्यक्षांनी मघापासून तीनदा घड्याळ दाखवलं, तरी मला थांबवलं नाही, त्यांचे आभार. आज या माणसाला माझ्यासमोर बसवून ठेवल्याबद्दल आणि इतकी वर्षं त्यांना आमच्या हवाली केल्याबद्दल लॉर्नाचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. ओव्हनमधलं जेवण माझ्यामुळे निवलं असेल, तर स्वयंपाकघरातल्या मंडळींनी मोठ्या मनाने समजून घ्यावं. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागेल असं काही तोंडून गेलं असेल, तर ते माझ्या वैतागाच्या खाती टाकावं आणि मला क्षमा करावी. नमस्कार.